चौथा ठिपका

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

नाही म्हणाले!

शर्ली कँटीनमध्ये आली ती ताट न घेताच. माझ्यासमोर बसली. "नाही म्हणाले गं." एवढंच. मग माझ्या डब्यातली पोळी उचलली आणि तिचे बारीक बारीक तुकडे करत बसली. एकही तोंडात घातला नाही.

अ‍ॅलिसला – तिच्या लेकीला – कानाचं इम्प्लांट बसवून उपयोग नाही, असं हॉस्पिटलच्या कमिटीचं मत पडलं. का – तर इम्प्लांट आवाज फक्त कानाच्या नसेपर्यंत पोचवतं. तिथून मेंदूकडे न्यायचं काम नसेचं. आणि एमआरआयमध्ये ती नसच नाही! दोन्ही कानांत नाही. रिपोर्ट डॉ. शैलेंद्रांचा, म्हणजे वाद घालायला जागा नाही. आमच्या अख्ख्या रेडिऑलॉजीत त्यांच्याइतकं काळजीपूर्वक कोणी बघत नाही.

शर्ली मुलांच्या वॉर्डात नर्स. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना "इंशाल्ला, सब ठीक होगा" सांगत फिरते. आज तिला ते सांगणारं कोणी नव्हतं. मी तिचा हात धरून बसले नुसती.

"हॅन्सेलला अजून बोलले नाही," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "दुपारपासून हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा असणार. हसतमुखाने उभं राहायचं असतं त्याला."

अ‍ॅलिसला जानेवारीत तीन पूर्ण होतील. मेंदू ऐकायला शिकतो तो याच वयात. नंतर दार हळूहळू लागत जातं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

शर्लीला विचारलं – अ‍ॅलिसचा स्कॅन मी बघू का? माझ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून?

"बघ की. बघून काय उगवणार आहे तिथं?"

चिडून नाही म्हणाली. दमून म्हणाली.

छेद – माझं सॉफ्टवेअर. हे नाव मी ठेवलं तेव्हा इथे आखातात कोणाला उच्चारता येईल याचा विचारच केला नाही. कानाच्या सर्जन डॉ. रुकय्या "चेड" म्हणतात, बाकीचे "सावनीज थिंग." एमआरआय मशीन डोक्याचे काप करून देतं, ब्रेडच्या स्लाइससारखे. सरळ, एकामागे एक. पण शरीराच्या आत काही सरळ नसतं! नसा तिरक्या जातात, वळतात. छेद ते सगळे काप परत जोडतं आणि मग म्हणाल त्या दिशेने कापून दाखवतं. तिरकं, आडवं, वळणाच्या मागे मागे. आजवर वापर फक्त शिकवण्यासाठी. रिपोर्टला वापरायची परवानगी नाही.

म्हणजे मी जे काही बघेन त्याला आज तरी किंमत शून्य. तरी बघणार.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

कानाच्या आत हाडातून एक छोटा बोगदा जातो. त्यात पाणी असतं, ते स्कॅनमध्ये पांढरं दिसतं. पाण्यातून नसा जातात, त्या काळ्या. बोगदा बरोबर आडवा कापला की पांढरा गोल आणि त्यात चार काळे ठिपके – शर्टाच्या बटणाला चार भोकं असतात ना, तस्सं! एक ठिपका चेहऱ्याच्या नसेचा. दोन तोल सांभाळणाऱ्या नसांचे. चौथा ऐकण्याचा.

अ‍ॅलिसचे बोगदे अरुंद आहेत. शिवाय स्कॅनच्या वेळी ती हलली होती, सगळं धूसर.

डावा कान – तीन ठिपके. पुढे मागे, पुढे मागे. तीनच.

उजवा कान – तीन. पण एका जागी त्यातला एक ठिपका जरासा फुगतो. पुढच्या कापात परत बारीक. कोणाच्या पाठीमागे कोणी दडून उभं असावं तसा!

तीच जागा बघत बसले. जेवले नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. कॉर्निशवर, समुद्राकाठी गेलो होतो. अथर्व सायकलवरून ओरडत होता, "आई, यू आर नॉट लिसनिंग!" खरंच ऐकत नव्हते. जयेश म्हणाला, "सोमवारपर्यंत तरी डोक्यातून काढ." इथे रविवारीच कामाला जायचं असतं हे तो सात वर्षांनंतरही विसरतो!

१३ ऑक्टोबर, रविवार

डॉ. शैलेंद्रांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनला नाक लावून किती तरी वेळ बघत होते. नागपूरचा माणूस, एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो. आज आधी सगळे काप बघून संपवले. मग म्हणाले,

"सावनी, तुझं सॉफ्टवेअर फोटो गुळगुळीत करते, बरोबर?"

"हो, थोडं. नाहीतर दाणे दिसतात."

"मग जिथे काही नाही तिथेही ते धागा ओढत असंल. ढगात हत्ती दिसते माणसाला, तसं."

मी वाद घालायला लागले. त्यांनी हात वर केला.

"मी चूक निघालो तर पेढे वाटीन. पण तू चूक निघाली तर? त्या पोरीच्या कानामागचं हाड कोरायचं, आत मशीन बसवायचं, आईबापाला सांगायचं आता ऐकेल, आता ऐकेल – आणि आत नसच नाही. चालते तुला?"

नाही चालणार.

तर आता माझी परीक्षा! ते जुने स्कॅन देणार, नावं झाकून. काही कान नीट ऐकणाऱ्यांचे, काहींत नस नाही हे ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी बघितलेलं. छेदने सांगायचं – आहे की नाही. आणि तोवर शर्लीला अक्षरही बोलायचं नाही.

कबूल केलं. शर्लीचं सगळ्यात कठीण जाणार आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

नापास!

एका कानात नस नव्हतीच. कधीच नव्हती. आणि छेदने तिथे नस काढून दाखवली. नाजूक, गुळगुळीत, सुंदर. आणि साफ खोटी.

मला वाटलं डॉक्टर आता ऐकवतील. त्यांनी थर्मासमधला करक चहा दोन कपांत ओतला, एक माझ्यापुढे ठेवला. "आता समजलं मी काऊन भितो ते?" म्हणाले.

अ‍ॅलिसच्या कानातला तो फुगीर ठिपकाही तसलाच असेल. माझ्याच सॉफ्टवेअरने माझ्यासाठी काढलेलं चित्र.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

कँटीनला गेले नाही. डबा डेस्कवर खाल्ला.

३० ऑक्टोबर, बुधवार

सुचलं! बाजारात, सूकमध्ये सुचलं!

दिवाळीच्या खरेदीला गेलो होतो. देवळाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. पणत्या, तोरणं, मिठाईचे ढीग. जयेश अथर्वला खांद्यावर घेऊन पुढे, मी मागे. मध्येच दिसेनासा व्हायचा. मग माणसांच्या पुढच्या फटीतून दिसायचा – जिथे असायला हवा बरोबर तिथेच, एक पाऊल पुढे. आणि एकदा त्याच्यासारखाच निळा शर्ट एकदम डावीकडे लांब दिसला. मी क्षणभरही फसले नाही. का? कारण माणूस उडी मारत नाही. चालतो!

नससुद्धा चालते! या कापात जिथे आहे, पुढच्या कापात त्याच्या शेजारीच असणार. स्कॅनमधली घाण उड्या मारते – इथे दिसली, तिथे दिसली. मग गुळगुळीत कशाला करायचं? दाणे दिसू देत. चित्र घाणेरडं असू दे. फक्त बघायचं – ठिपका चालतो का उड्या मारतो.

जयेशला भर गल्लीत सांगितलं. त्याला निम्मं कळलं असेल. पण म्हणाला, "मग घरी चल, मी चकल्या तळतो, तू लिही." त्याच्या चकल्या मोडल्या सगळ्या. माझा कोड नाही मोडला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पास! सगळेच्या सगळे कान बरोबर!

आणि ज्या कानाने मागच्या वेळी तोंडघशी पाडलं होतं, तिथे छेदने स्वच्छ सांगितलं – नाही. धागा नाही. त्या "नाही"चा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

डॉ. शैलेंद्रांनी स्वतःच खुर्ची ओढली. "लाव आता त्या पोरीचा."

डावा – नाही. उजवा – ठिपका चालायला लागला. बोगद्याच्या भिंतीला अंग घासत, चालला, चालला... आणि अ‍ॅलिस हलली होती त्या जागी हरवला. पलीकडे काही कळेना.

"आहे म्हणता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता नाही असंही म्हणवत नाही मला. नवीन स्कॅन पाहिजे. भूल देऊन. एकदम बारीक कापाचा."

म्हणजे आता शर्लीला सांगायला हवं.

६ नोव्हेंबर, बुधवार

नईमच्या वस्तीत गेले, शर्लीच्या घरी.

अ‍ॅलिसने दारातच माझी ओढणी धरली. तिला काही दाखवायचं असलं की ती ओढून नेते – पलंगाखाली तिने सगळ्या चपला रांगेत लावल्या होत्या. माझ्याही पायातल्या काढून घेतल्या.

सांगितलं. सगळं, परीक्षा आणि नापास होणंसुद्धा. शर्ली ऐकत होती, कपड्यांच्या घड्या घालत होती. अ‍ॅलिसचा फ्रॉक हातात तसाच राहिला.

"म्हणजे महिनाभर तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं गं. शंका होती."

"आणि माझ्यासमोर बसून जेवत होतीस!"

तिने फ्रॉक भिरकावला. "मी आता कुठे रडायची थांबलेय, बाय. रात्री झोप लागायला लागलीय. आता परत आस लावून घेऊ? परत तिला भूल? परत त्या खोलीबाहेर बसू? आणि परत नाही म्हणाले तर? किती वेळा नाही ऐकायचं आम्ही?"

हॅन्सेल खुर्चीत बसून ऐकत होता. अ‍ॅलिस त्याच्या मांडीवर चढून त्याच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढत होती. तो शांतपणे म्हणाला, "शर्ले, नाही ऐकू येणं पोरीच्या वाट्याला आलंय. नाही ऐकून घेणं आपल्या वाट्याला. घेऊ अजून एकदा."

शर्ली आत गेली. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं. "तारीख काढ," म्हणाली. "आणि चहा घेतल्याशिवाय उठू नको."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आहे!!

आहे आहे आहे!

अक्षर बघा कसं आलंय. क्रमाने लिहिते.

अ‍ॅलिस आतल्या मशीनमध्ये, भुलीत, एवढीशी. बाहेर शर्ली आणि हॅन्सेल. आम्ही तिघं – डॉ. शैलेंद्र, डॉ. रुकय्या, मी – माझ्या स्क्रीनसमोर. स्कॅन आला, छेदमध्ये घातला. डावा कान आधी. तीन ठिपके, शेवटपर्यंत तीनच.

उजवा. पहिला काप – तीन. दुसरा – तीन. मग भिंतीला चिकटलेला तो फुगवटा. आणि यावेळी धूसर नव्हता! पुढच्या कापात तो वेगळा झाला. केसाएवढा बारीक, पण वेगळा, काळा, स्वतःचा. चौथा ठिपका! पुढे सरकवलं – एक पाऊल. अजून – एक पाऊल. भिंतीच्या कडेकडेने चालत, चालत, थेट कानाच्या शंखात शिरला.

डॉ. शैलेंद्रांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. माऊस घेतला. पहिल्यापासून स्वतः बघितलं. उलट बाजूने बघितलं. मग छेद बंद करून मशीनचे साधे काप उघडले – आता कुठे बघायचं ते माहीत झाल्यावर तिथेही, अगदी पुसट, ती होती.

"लिहितो मी," ते म्हणाले. "नस आहे. बारीक आहे. पण आहे."

मग माझ्याकडे वळून, "मागचा स्कॅन हललेला होता. त्याच्यावर 'नाही' लिहिणं बरोबर होतं. याच्यावर 'आहे' लिहिणं बरोबर आहे. पेढे तर पेढे, देतो!"

डॉ. रुकय्या उभ्याच होत्या, हाताची घडी घालून. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "यल्ला, चलो सावनी. अब आगे मेरा काम."

बाहेर सांगायला मलाच पाठवलं. मी दार उघडलं आणि बोलता येईना! शर्लीने माझं तोंड बघितलं आणि मटकन खाली बसली. तिला वाटलं नाही म्हणायला आलेय. मी तिच्यासमोर फरशीवर बसून म्हणाले, "आहे." हॅन्सेलने क्रूसाची खूण केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

हे मी केलं. मी! डोंबिवलीच्या सावनीने. आज नम्र वगैरे व्हायचं नाही असं ठरवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

कमिटी – हो! फक्त उजवा कान.

डॉ. रुकय्यांनी शर्लीला समोर बसवून स्पष्ट सांगितलं: बारीक नस म्हणजे बारीक आशा. किती ऐकेल, ऐकेल का, कोणी सांगू शकत नाही. शर्ली म्हणाली, "मॅडम, मी नर्स आहे. समजतं मला." बाहेर आल्यावर माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

१५ डिसेंबर, रविवार

ऑपरेशन झालं. छेद थिएटरमध्ये! भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर अ‍ॅलिसचा शंख, बोगदा, ती नस – आणि डॉ. रुकय्या मान वर करून बघतायत, परत मायक्रोस्कोपमध्ये वाकतायत. इम्प्लांटची तार पहिल्या झटक्यात जिथे जायला हवी तिथे गेली.

एकच खटकलं. शेवटी मशीनमधून नसेला हाक मारून बघतात. उत्तर आलं नाही. डॉ. रुकय्या म्हणाल्या, बारीक नसा कधी कधी तिथल्या तिथे बोलत नाहीत. मफी मुश्किल, काही बिघडत नाही. पण "मफी मुश्किल" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

शर्लीकडे नाताळ. अ‍ॅलिसच्या डोक्याला पट्टी, त्यावर सोनेरी रिबन बांधलेली! तिने आणि अथर्वने मिळून करंज्यांतलं फक्त सारण खाल्लं. हॅन्सेलने वसईला व्हिडिओ कॉल लावला, सगळं घर हात हलवत होतं. उत्तर न आल्याबद्दल कोणी बोललं नाही. मीही नाही.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आज मशीन चालू केलं.

काही नाही.

ऑडिओलॉजिस्ट कॉम्प्युटरवर आवाजाची एकेक पट्टी वर चढवत होती. अ‍ॅलिस खुर्चीच्या पट्ट्याचं बक्कल उघडत होती, लावत होती. शर्लीने मागून हाक मारली – "अ‍ॅलू! अ‍ॅलू बाय!" – परत, अजून मोठ्याने. पोरगी बक्कल लावत राहिली. हॅन्सेलने चाव्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या. डॉ. रुकय्यांनी स्टीलचा ट्रे टेबलावर आपटला, मीच दचकले.

"पहला दिन है," त्या म्हणाल्या.

शर्ली पोरीला उचलून निघून गेली.

१६ जानेवारी, गुरुवार

परत आवाजाच्या पट्ट्या वाढवल्या. काही नाही. डॉ. शैलेंद्र माझ्या टेबलापाशी आले. मी सगळे काप परत उघडून बसले होते. "नस आहे ना?" त्यांनी विचारलं. "आहे," मी म्हणाले. "मग बंद कर ते. ती आहे. ती काम करते का, हे फोटोत दिसत नसते." बरोबर आहे त्यांचं. पण घरी येऊन जयेशजवळ रडले.

२५ जानेवारी, शनिवार

कुकर!!!

सकाळी फोन वाजला. शर्ली किंचाळत होती, मला वाटलं काही अपघात झाला. "कुकर, सावनी! कुकर!" "भाजलं का कोणाला?" "अगं नाही! शिट्टी! शिट्टीला वळली!"

जयेशला तसाच उठवला, अथर्वला पायजम्यावर गाडीत घातला, आमच्या गुदैबियाहून नईमला पोचलो तेव्हा त्यांच्या घरभर भाताचा वास. हॅन्सेल स्वयंपाकघरात उभा, बनियनवर. झालं होतं ते असं – शर्लीने वरणाला कुकर लावला होता. अ‍ॅलिस बाहेरच्या खोलीत जमिनीवर, दाराकडे पाठ, चपला लावत बसलेली. शिट्टी झाली. पोरीचा हात थांबला. हातातली चप्पल खाली ठेवली. वळली. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

शर्लीला वाटलं योगायोग. दुसरी शिट्टी – परत वळली! मग यांनी वरण काढून भात लावला. परत. भात काढून परत भात!

"आता आमच्यासमोर करा," मी म्हणाले. हॅन्सेलने अजून तांदूळ धुतले. आम्ही सगळे भिंतीला टेकून. अ‍ॅलिस पाठमोरी. गॅस सुरू. कुकर फुसफुसायला लागला तशी तिने मान तिरकी केली – फुसफुस ऐकू येत होती का तिला? – आणि मग शिट्टी. अ‍ॅलिस उभी राहिली. चालत चालत स्वयंपाकघरात गेली, कुकरकडे बोट केलं, आणि आमच्याकडे वळून डोळे एवढाले केले. तुम्हाला कळलं का हे, असं!

अथर्व ओरडला, "शी हर्ड इट! आई, शी हर्ड इट!" इतका मोठ्याने की अ‍ॅलिस त्याच्याकडेही वळली. आणि घाबरून रडायला लागली. आणि ते रडणंही बहुतेक तिला ऐकू आलं, कारण मध्येच थांबली, परत एकदा "आँ" करून बघितलं.

शर्लीने माझ्या गळ्यात पडून मला भिजवलं. सगळ्यांनी मिळून वरण-भात खाल्ला, नुसता भातच भात. इतकं चांगलं जेवण मी आयुष्यात जेवले नाही.

२६ जानेवारी, रविवार

आवाजबंद खोलीत नीट तपासलं. खरंच ऐकतेय! डॉ. शैलेंद्रांनी पूर्ण डिपार्टमेंटला पेढे वाटले. मनामाच्या मिठाईवाल्याकडचे, केशरी. मला दोन दिले. "एक तुझा, एक तुझ्या छेदचा."

२० फेब्रुवारी, गुरुवार

अ‍ॅलिस नावाला वळते. आज कॉरिडॉरच्या टोकाकडून मी हाक मारली – "अ‍ॅलू!" – वळली, धावत आली आणि माझी ओढणी धरली.

आणि आजच मीटिंगमध्ये ठरलं – आता ऐकू न येणाऱ्या प्रत्येक मुलाचा स्कॅन छेदमधून जाणार. रिपोर्टमध्ये अधिकृत! डॉ. शैलेंद्रांनीच मांडलं, तेही माझ्या नापास होण्यापासून सुरुवात करून. "ज्या सॉफ्टवेअरला नाही म्हणता येते, त्याच्या हो वर मी सही करतो." टाळ्या वाजल्या. मी उभी राहून सगळ्या घेतल्या. आईला फोन केला. तिला कानातला बोगदा, ठिपके काही समजलं नाही, पण तिने शेजारच्या मालूताईंना फोन चालू असतानाच सांगून टाकलं की माझ्या मुलीने बहिऱ्यांना ऐकू आणलं!

डॉ. रुकय्यांनी जाताना विचारलं, "पुराने बच्चे? जिनको हमने मना किया था?"

जुने सगळे स्कॅन ठेवलेले आहेत. उघडायचे.

१२ मार्च, बुधवार

रमजान. दुपारी हॉस्पिटल लवकर शांत होतं, तेव्हा मी जुने स्कॅन बघते. बहुतेकांत नाहीच. पण आज एक छोटा मुलगा सापडला, डाव्या कानात धागा, स्वच्छ चालणारा. अजून लहान आहे, वेळ आहे! डॉ. रुकय्यांनी इफ्तारच्या आधी त्याच्या वडिलांना फोन केला. पलीकडून एकदम इतके आशीर्वाद की त्यांनी फोन कानापासून लांब धरून मला ऐकवले.

मी उडतेय. खरंच पाय जमिनीवर नाहीत.

२४ मार्च, सोमवार

अजून एक. मसूदा नावाची मुलगी. स्कॅन खूप जुना, जाडेभरडे काप. तरी दोन्ही कानांत चौथा ठिपका चालतो. तेव्हा चार वर्षांची होती. आता सोळा.

डॉ. रुकय्यांनी तिचं वय परत तपासलं. या वयात बसवलं तर आवाज कळेल, बोलणं क्वचितच, म्हणाल्या. पण सांगायला तर हवं. ईदनंतर बोलावलंय.

८ एप्रिल, मंगळवार

मसूदा आली, आईबरोबर. उंच, हातात शाळेची बॅग. डॉ. रुकय्या तिच्या आईला अरबीत सांगत होत्या – तेव्हा दिसली नव्हती, आता दिसते आहे. आई रडायला लागली. मी "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले.

मसूदा आमची तोंडं बघत होती. मग तिने मोबाइलवर भराभर काही टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला. इंग्रजीत होतं: "मला मशीन नको आहे. आणि माझ्या आईला असं सॉरी म्हणू नका. इथे कोणी मेलेलं नाही."

मग ती आईकडे वळून हातांनी काहीतरी म्हणाली. आई रडता रडता हसली. डॉ. रुकय्या माझ्याकडे बघायला लागल्या. हातांची ती भाषा त्यांनाही येत नव्हती, मलाही नाही.